सवाष्णीच्या काळजावरची चरबी

हार्टचं दुखणं जाड्या माणसाला होतं, ही आमच्या घरातली पक्की समजूत. आणि आमच्या घरात जाडा माणूस एकच, माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला भिक्षुकी करायचे. पूजेला पाटावर बसताना आधी त्यांचं पोट बसायचं, मग दाजी. चार पायऱ्या चढले की धाप आणि जेवून उठले की घाम. अख्खं बेलापूर ताईला सांगायचं, "काकू, गुरुजींना जपा हो." ताई जपायची. तिला जपायची एकच रीत ठाऊक होती, उपास.

सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष, शिवाय शेजारणीनं मधेच सांगितलेलं एखादं व्रत. सगळे दाजींच्या आयुष्यासाठी. ती स्वतः म्हणजे नुसती काडी. बांगड्या सरकवल्या तर कोपरापर्यंत जायच्या, ब्लाउज दरवर्षी आत घ्यावा लागायचा. हिच्या हृदयाला काही होईल असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच दवाखान्यात नेलं असतं.

मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. सावेडीत दोन खोल्यांत एकटी राहत होते. लग्न मी केलं नाही. हे माझं म्हणणं. नातेवाइकांचं म्हणणं, जमलं नाही. त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता, तरी मी लागायचे. सवड मिळाली की श्रीरामपूरची गाडी धरायची आणि ताईकडं जायचं, एवढंच माझं माहेर उरलं होतं. आई-वडील गेलेले, भाऊ नाही.

आता उपासाबद्दल बोलू दे, माझ्या पोटात फार दिवस साचलंय. उपास म्हणजे उपाशी राहणं असं परक्या माणसाला वाटेल. आपल्याकडं उपास म्हणजे साबुदाणा तुपात परतायचा, त्यात मूठमूठ दाण्याचं कूट घालायचं, जोडीला बटाटे तळायचे, वर भगर आणि दाण्याची आमटी. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय, बाहेरून कुणी आणून दिली नाही. त्यातही ताईचं तऱ्हेवाईक. पहाटे उठून पाणी भरायचं, सोवळ्यात सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, दाजींची पूजेची तयारी, आल्यागेल्याचा चहा. स्वतः खायची दुपार कलल्यावर. गार झालेली खिचडी, वर गोठलेलं तूप. गरम करून घे म्हटलं तर म्हणायची, "मेलं, एकटीसाठी कुठं चूल पेटवू?"

हे उपासाच्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी सवाष्ण. नवरा जिवंत असलेली बाई म्हणजे देवी, तिला घरी बोलावून पोटभर जेवू घातलं की घराचं भलं होतं. त्या देवीला भूक आहे का, हे विचारायची मात्र पद्धत नाही. बेलापुरात ब्राह्मणांची घरं थोडी आणि सवाष्ण हवी असणारी घरं पुष्कळ. श्रावणातले शुक्रवार, महालक्ष्म्या, नवस, कुळाचार, कुणाच्या पोराला शुगर फॅक्टरीत चिकटवलं म्हणून पेढा-पुरण. ताईला बोलावणं ठरलेलं. तिनं कधी नाही म्हटलं नाही. सवाष्णीनं पानात टाकायचं नसतं आणि नको म्हणायचं नसतं. नको म्हटलं की वाढणारीला जोर चढतो. मी दोनदा तिच्याबरोबर गेले होते, कोपऱ्यात बसून सगळं बघितलंय. पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी करत ती घरधनीण म्हणत होती, "काकू, एवढ्याशा तर तुम्ही, तुम्हाला काय होतंय? घ्या!" आणि ताई मान खाली घालून खात होती. घरी आली की ओवा, हिंग, काळं मीठ चावत पडवीत बसायची. छातीवर हात ठेवून म्हणायची, "जरा भरून आलंय."

गावातले डॉक्टर तिला ॲसिडिटीचं गुलाबी औषध द्यायचे. त्या काळी आमच्या जिल्ह्यात बाईला दोनच रोग होते, गॅस आणि टेन्शन.

एकदा मला न्यायला ती एसटी स्टँडवर आली होती. घरी चालत निघालो. बाजारपेठेत ती एका दुकानासमोर थांबली आणि बांगड्या बघायला लागली. बराच वेळ बघितल्या, घेतल्या काही नाहीत. पुढं गेलो, वळणावर पुन्हा थांबली. तिथं बघायला नुसती भिंत होती. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही, चप्पल चावतेय." पायात तिच्या जुनी मऊ झालेली चप्पल होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती म्हणा, पण ती माझ्यापेक्षा चलाख होती.

त्या वर्षी वैशाखात नगरला एका तरुण डॉक्टरच्या घराची वास्तुशांत निघाली. खाली दवाखाना, वर राहायचं. डॉक्टर हृदयाचं शिकून आलेला. त्याचे वडील दाजींचे जुने यजमान, त्यामुळं पूजा दाजींनीच सांगायची आणि ताईनं सवाष्ण म्हणून जेवायचं, असं ठरलं. मी नगरातलीच, मलाही बोलावलं. ऊन असं की मांडवात बसवत नव्हतं.

घराची पूजा झाली, मग दवाखान्यातल्या मशीनची. हृदय आतून दिसतं असं ते सोनोग्राफीसारखं मशीन, नगरात तेव्हा नवलाचंच. दाजींनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. जेवणं झाल्यावर डॉक्टर हौसेनं म्हणाला, "गुरुजी, मशीनची पूजा तुमच्या हातून झाली, आता पहिलं हृदयही तुमचंच बघतो." दाजी वरवर हसले, पण चेहरा उतरला. टेबलावर आडवे झाले. छातीवर तपासणीची चिकट जेली लावल्याबरोबर "शिव शिव, काय गार!" करून ओरडले. डॉक्टरनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "छान आहे गुरुजी. पोट तेवढं कमी करा." दाजी उठले ते परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे. ताईनं तिथल्या तिथं देवाला हात जोडले.

डॉक्टरची बायको गमतीनं म्हणाली, "आता काकूंचं बघा. लक्ष्मीनारायण दोघंही होऊन जाऊ देत." ताई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मीच तिला दंडाला धरून आत नेलं. पडदा ओढला. आत डॉक्टर, त्याची बायको, ताई आणि मी.

पडद्यावर पाऊस लागलेल्या टीव्हीसारखं करडं करडं हलत होतं. मला काही कळत नव्हतं. पण डॉक्टर बोलायचा थांबला, हे कळलं. तो यंत्र फिरवून फिरवून एकाच जागी आणायला लागला. मग म्हणाला, "काकू, तुमच्या हृदयाच्या भोवती चरबी दिसतेय. बाहेरून चिकटलेली. एवढ्या बारीक अंगात एवढी? नवल आहे." ताई हसली. मग त्यानं हळूच विचारलं, "चढ चढताना छातीत दाटून येतं का?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. "जरासं."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

दिवाळीपासून! आणि मला म्हणे चप्पल चावते.

डॉक्टरनं मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. बाकीचं हृदय आवळत होतं, सैल होत होतं, आणि एक कोपरा मागं राहत होता, मन नसल्यासारखा. "त्या भागाला रक्त पुरत नाही. नळ्यांमध्ये अडथळा असणार. पुण्याला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या. हे लांबवू नका. याच महिन्यात." जिभेखाली ठेवायच्या गोळ्या त्यानं दिल्या, आणखीही काही लिहून दिल्या. ताईनं एकच प्रश्न विचारला, "उपासाला गोळी चालते का?"

बाहेर आल्यावर डॉक्टरनं दाजींना सगळं नीट सांगितलं. दाजींनी ऐकलं आणि मांडवातल्या सगळ्यांकडं बघत म्हणाले, "घ्या! अंगावर मूठभर मांस नाही, अन् म्हणे काळजाला चरबी!" हशा पिकला. कुणी म्हणालं, मशीन नवीन आहे, अजून हात बसला नसेल. कुणी म्हणालं, गुरुजींच्या पानातली चरबी काकूंच्या नावावर गेली. ताईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. डॉक्टर एकटा हसला नाही. "गुरुजी, हसण्यावारी नेऊ नका," असं तो परत एकदा म्हणाला. मी त्या मांडवात लाल होऊन उभी होते.

त्या चरबीचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. खरं तर डॉक्टरलाही पुरता कळला नव्हता, हे त्यानंच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तोवर त्याचे केस पिकले होते. म्हणाला, "बाई, तेव्हा आम्ही ती चरबी बघायचो आणि सोडून द्यायचो. कातडीखालची चरबी वेगळी, ही वेगळी. ही हृदयाच्या नळ्यांना अगदी खेटून असते, मधे पडदासुद्धा नाही. ती नुसती पडून राहत नाही, तिच्यातून काहीबाही पाझरतं, नळीला सूज येते. वरून काटकुळ्या दिसणाऱ्या माणसातही ती असते. चरबीमुळंच नळीत अडथळा होतो असं छातीठोकपणे सांगणार नाही, पण दोन्ही बरेचदा एकत्र सापडतात." मी विचारलं, "म्हणजे ते उपासाचं तूप?" तो म्हणाला, "तूप काही सरळ हृदयावर जाऊन बसत नाही, बाई. वय असतं, अनुवंश असतो, शंभर गोष्टी असतात." शहाणा माणूस. पण माझा राग शहाणा नाही. मला अजूनही तुपाची वाटी उपडी करणारा तो हात दिसतो.

असो. याच महिन्यात म्हणाला होता डॉक्टर. भिक्षुकाच्या घरात महिना कधी मोकळा असतो?

वैशाखात लग्नाचे मुहूर्त होते. दाजी रोज कुठल्या तरी मांडवात. ज्येष्ठात वटपौर्णिमा, आणि नवऱ्यासाठी वडाला फेऱ्या मारायच्या सोडून ताई पुण्याला जाते होय! मग लागला अधिक महिना. अधिकात मेहूण जेवायला घालायचं पुण्य फार, म्हणून दोघांना आज या घरी, उद्या त्या घरी बोलावणं. अनारसे, धोंडे, पुरण, तूप. मी पत्र लिहिलं, मग स्वतः गेले. दाजी म्हणाले, "एवढा मळमास उलटू दे. मळमासात असलं काही करू नये."

"असलं म्हणजे कसलं? पूजा नाही करायची दाजी, तपासणी करायचीय."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

मळमास उलटला, चातुर्मास लागला. ताईनं नवीन नेम धरला, चार महिने एकभुक्त. मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस ना?" तर माझ्यावरच डाफरली. "तू कशाला भांडतेस सारखी? माझं काय अडलंय? ह्यांचं बघितलंस ना मशीनवर, कसं छान निघालं? उपास फळले माझे." तिचा चेहरा असा उजळला होता की मी पिशवी उचलली आणि नगरची गाडी धरली.

श्रावणात तर दाजींना पाणी प्यायला फुरसत नव्हती. सत्यनारायण, लघुरुद्र, मंगळागौरी. ताई शुक्रवारची सवाष्ण. एका शुक्रवारी मी बेलापुरात होते. जेवून येताना ती दारातल्या ओट्यावरच बसली, कपाळावर घाम, ओठ पांढरे. गोळी जिभेखाली धरली, मग थोडी माणसात आली. त्या दिवशी मी दाजींना धरलं. "मी नेते तिला पुण्याला. तुमचा मुलगा नोकरीला आहे तिकडं, त्याच्याकडं उतरू. तुम्ही येऊसुद्धा नका."

दाजी म्हणाले, "त्याला नोकरीत सुट्टी नको मिळायला? अन् इथं सोवळ्यातला स्वयंपाक कोण करणार? देवाचा नैवेद्य कोण दाखवणार?"

मला राहवलं नाही. "यजमानाची बायको हजर नसली की तुम्ही काय करता? शेजारच्या पाटावर सुपारी ठेवता आणि पूजा पुरी करता. शास्त्रात सोय आहे म्हणता. मग ठेवा चुलीपाशी एक सुपारी! चार दिवस तिच्याकडून करून घ्या स्वयंपाक."

दाजी ताडकन उठले. "जिभेला हाड नाही या पोरीच्या. म्हणूनच घर बसलं नाही." आणि उपरणं झटकत निघून गेले. ताई आतून रडत ओरडली, "कशाला बोलतेस गं त्यांना, त्यांचा रक्तदाब वाढेल!" त्यांचा. पोस्टात जाऊन मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, बाबा म्हणतील तसं." पालथ्या घड्यावर पाणी. बापानं मुंजीत कानात मंत्र सांगितला, पण आईसाठी चार शब्द बोलायची अक्कल काही सांगितली नाही.

मग गणपती आले. मग महालक्ष्म्या, सवाष्ण. मग पितृपंधरवडा, दाजींना घरोघरी श्राद्धाचं. लोकांच्या मेलेल्या आज्या-पणज्या वेळेवर जेवल्या पाहिजेत, त्यात खंड नको. घरची जिवंत बाई थांबेल. आणि मग नवरात्र.

नवरात्रात ताईच्या घरी घट बसायचे. नऊ दिवस अखंड दिवा, तो विझू द्यायचा नाही. रोज घटावर माळ चढवायची. घर उघडं टाकून कुणी जायचं नाही. आणि ताईचे नऊ दिवस उपास. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली तशी मी गेले. दारातूनच तिला बघितलं आणि पिशवी हातातून खाली ठेवायची विसरले. चेहरा राखेच्या रंगाचा. वाक्य पुरं व्हायच्या आत दम संपत होता.

मी दाजींना म्हटलं, "आज. आत्ता. मी जीप बघते."

या खेपेला दाजी ओरडले नाहीत. तेही घाबरले असावेत. म्हणाले, "घट उठू देत. दसऱ्याचं सोनं लुटलं की दुसऱ्या दिवशी पुण्याला. मी स्वतः येतो, शब्द देतो. देवीच्या दारात आहोत आपण, ती काही होऊ देणार नाही." आणि मग ते नेहमीचं, "देव तारी त्याला कोण मारी."

मी ताईकडं वळले. तिचा हात हातात घेतला, गार होता. "ऊठ. कुणाचं ऐकू नकोस." तीच नको म्हणाली. "अगं, दिवा कोण बघणार?"

"मी बघते."

"तू?" ती हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली. "तुला सोवळं-ओवळं जमायचं नाही बाई. अन् सवाष्णीच्या हातची माळ लागते देवीला."

मी तिची सख्खी बहीण. मला त्या घरात दिव्यात तेल घालायचीसुद्धा पत नव्हती.

नवमीला सकाळी ती घटासमोर झेंडूची माळ ओवत बसली होती. दाजी गावात कुणाकडं होमाला गेले होते, मी पलीकडच्या खोलीत होते. सुई खाली पडल्याचा आवाज येत नाही, पण परडी कलंडल्याचा आला. जाऊन बघते तर ती भिंतीला टेकलेली, फुलं मांडीवर, मान एका अंगाला. मी गोळी तिच्या तोंडात कोंबली, दात घट्ट मिटले होते. शेजारच्या मळ्यातल्या माणसाची जीप मिळाली. श्रीरामपूर काही लांब नाही. पोचेपर्यंत मी तिच्या तोंडावर वारा घालत होते. जीपवाला मागं वळून वळून म्हणत होता, "बाई, नाडी बगा, नाडी लागती का? आलोच आपन, आलोच." दवाखान्याच्या दारात तिथल्या डॉक्टरनं तिचे डोळे उघडून बघितले आणि मान हलवली. मी त्याला म्हटलं, "नीट बघा." त्यानं माझ्यासाठी परत एकदा बघितलं.

तिला घरी आणली. आणि दारात शिरताना मी काय बघितलं? घट हलवलेले. दाजींनी निरोप मिळाल्याबरोबर गावातल्या दुसऱ्या गोत्राच्या माणसाला बोलावून, मंत्र म्हणवून, घट उचलून त्याच्याकडं पोचते केले होते. दिव्यासकट. सुतकात घट ठेवता येत नाहीत, आणि मधेच हलवायची शास्त्रात सोय आहे. सोय होती! पहिल्या दिवसापासून होती! जिवंत बाईसाठी जे हलत नव्हतं, ते मेल्यावर पाणी तापायच्या आत हललं. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस, त्याला ही सोय ठाऊक नव्हती असं मी कशी मानू?

ताईला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हातभर चुडा, ओटी. गाव लोटलं. तिला जेवू घालणाऱ्या सगळ्या बायका आल्या, एकेक जण तिच्या कपाळाला कुंकू लावून ते आपल्याला लावून घेत होती. "लई भाग्याची बाई. अहेव गेली." "नवऱ्याच्या आधी गेली, अजून काय पायजे?" "नवरात्रात मरन, सोनं झालं." तुपाची वाटी उपडी करणारी तीही होती. डोळे पुसत मला म्हणाली, "असं मरण मागून मिळत नाही हो."

मी म्हटलं, "एवढं भाग्य वाटतंय तर तुम्हीच घ्या की. कोण अडवतंय?"

मागून कुणी तरी पुटपुटलं, "जिचं लगीनच झालं न्हाई, तिला काय कळनार अहेवपन." मी त्यांच्यात थांबले नाही. परसात जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि ओरडून रडले, नळाचा आवाज मोठा होता म्हणून बरं.

दहा दिवसांत गोष्ट तयार झाली. दाजींनीच केली, गावानं उचलली. मरण गुरुजींचं होतं, सगळ्यांना दिसत होतं, त्यांची धाप, त्यांचं पोट. काकूंनी व्रतं करून ते आपल्यावर घेतलं. दाजी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचे आणि उपरण्यानं डोळे टिपायचे. त्यांचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं आणि खरंच बरंही वाटत होतं. मी तेराव्यापर्यंत राहिले. त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि नगरला परत आले.

दिवाळीच्या आत, एका दुपारी, माझ्या दारावर थाप पडली. दाजी. घामानं डबडबलेले, खांद्याला पिशवी. पुण्याहून एसटीनं आले होते, बेलापूरला जायच्या आधी माझ्याकडं उतरले. पाणी दिलं. घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "तेरावं झाल्यापासून मला सारखं छातीत धडधडायचं. झोप नाही. पोरगा म्हणाला, बाबा, चान्स घ्यायचा नाही. त्यानं रजा काढली, दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन दारात. अँजिओग्राफी करून आलो." मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि माझ्यापुढं धरला. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरानं वर्षभर गोडाचं वाटायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. "एकही अडथळा नाही! डॉक्टर म्हणाले, या अंगाच्या माणसाच्या इतक्या स्वच्छ नळ्या बघितल्या नव्हत्या. सगळी तुझ्या ताईची पुण्याई. घे, तोंड गोड कर."

मी पुड्याला हात लावला नाही. विचारलं, "दाजी, कोणता दिवस धरून गेलात? आश्विनाचा वद्य पक्ष, घरात नुकतं तेरावं झालेलं. मुहूर्त कुणाकडून काढलात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं असलं काही विचारावं, याचं.

"अगं वेडे," ते म्हणाले, "दवाखान्यात जायला कुठं मुहूर्त बघतात का?"

मी पुडा त्यांच्या पिशवीत परत ठेवला, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.